रॅम वाढविल्यावर संगणक सुरू न झाल्यास

आपल्या बहुतेक पेढ्यांवर जमाखर्च, बिले व जीएसटीची विवरणे आता संगणकावरच होतात. व्याप वाढला की यंत्र मंदावते व रॅम वाढविण्याचा सल्ला मिळतो. सल्ला बहुधा योग्यच असतो. परंतु नवी पट्टी बसविल्यावर पंखे फिरतात, दिवा लागतो आणि पडदा मात्र काळाच राहतो, असा प्रकार पुष्कळदा घडतो. अशा वेळी एखादा कारागीर ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगून मोकळा होतो. त्यास संमती देऊ नये.

कारण असे. रॅम म्हणजे मुनीमाची बैठक होय. त्या घटकेला लागणाऱ्या वह्या तेवढ्या तिच्यावर मांडल्या जातात. बाकीच्या कपाटात, म्हणजे डिस्कमध्ये असतात. बैठक नीट बसली नाही म्हणून कपाट रिकामे कोण करतो? नव्या पट्टीनंतर पडदा काळा राहिला, तर यंत्र बहुधा आरंभीच्या तपासणीतच अडकलेले असते. डिस्कपर्यंत ते पोहोचलेलेच नसते.

प्रथम यंत्र बंद करून विजेची वायर काढावी व सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करून अंगावरील स्थितिक वीज उतरवावी. मग नवी पट्टी काढून, जुनी पूर्वीच्याच जागी ठेवून, वायर जोडून पाहावे. यंत्र सुरू झाले, तर दोष नव्या पट्टीत, तिच्या बसणीत किंवा मेळात आहे हे ठरले. न झाल्यास आत हात घालताना एखादी वायर वा ग्राफिक्स कार्ड सैल झाले काय, ते तपासावे.

बहुतेक वेळा पट्टी पूर्ण बसलेली नसते, एवढाच दोष असतो. दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खटका लागेपर्यंत ती बसवावी. काही मदरबोर्डांवर खटका एकाच टोकास असतो. तेथे दुसरे टोक वर राहून फसगत होते. धान्याच्या दुकानात तर कोंडा व धूळ स्लॉटमध्ये साचलेली असतेच. ती मऊ, कोरड्या ब्रशाने झाडावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण ओलावा जातो. पट्टीच्या सोनेरी दातांना बोट लावू नये.

दुसरा प्रश्न मेळाचा. डीडीआर-३ला २४० दात असतात. डीडीआर-४ व डीडीआर-५ला २८८च, परंतु मधली खाच निराळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर न करता तिचा प्रकार वाचावा. सर्व्हरमधून निघालेली डीडीआर-४ची ‘रजिस्टर्ड’ पट्टी स्वस्त मिळते व स्लॉटमध्ये बसतेही, पण साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. असला स्वस्त माल महागात पडतो. चार स्लॉट असल्यास दोन पट्ट्यांची जागा बहुधा प्रोसेसरपासून दुसरी व चौथी असते. डीडीआर-५ बसविल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढा धीर धरावा.

एवढ्यानेही न भागल्यास एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून पाहावी. शेवटचा उपाय, वायर काढलेली असताना मदरबोर्डवरील ३ व्होल्टांची गोल बॅटरी काही मिनिटे काढून परत बसविणे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली आधी हाताशी ठेवावी. या उपायाने यंत्राचा दिनांक मागे जातो. तो दुरुस्त केल्याविना एकही बिल काढू नये.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. सदोष रॅमवर चालणारे यंत्र बंद यंत्राहून घातक, कारण चुकीचे आकडे ते मुकाट्याने डिस्कवर लिहू शकते. हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन मेमटेस्टची तपासणी रात्रभर चालू ठेवावी. एक जरी चूक निघाली तरी पट्टी हमीच्या मुदतीत परत करावी, आणि तोवर जुन्या रॅमवरच बिले करावीत.