काळी स्टाउट : खमंग की करपट? चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण "माल चाखून पारखणं" हा विषय घेतला होता. उदाहरण म्हणून मी काळी, भाजक्या चवीची स्टाउट बिअर घेतली. वेळ कमी पडला आणि दोष ओळखण्याचा भाग घाईत उरकला. म्हणून इथे तो नीट लिहितोय. बिअर शॉपी, परमिट रूम, कॅफे, रेस्टॉरंट चालवणाऱ्यांना आणि तिथे काम करणाऱ्यांना हा थेट उपयोगाचा आहे. बाकीच्यांनी स्टाउटच्या जागी आपला माल ठेवून वाचा.

दोन गोष्टी आधीच सांगतो. ही कुठल्याही ब्रँडची जाहिरात नाही. आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आहे. त्याखालच्या कुणाला सरावाला बसवू नका, मग तो तुमच्याच दुकानातला पोऱ्या का असेना.

माझी 96 बाटल्यांची फी

काही वर्षांपूर्वी एका डिस्ट्रिब्युटरने मला स्टाउटची चार खोकी चांगल्या सवलतीत दिली. म्हणजे 96 पाइंट. मुदत संपायला अजून वेळ होता. मी खूश! फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून खोकी माळ्यावर टाकली. वर पत्रा, आणि महिना एप्रिल. पुण्याचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

तीन आठवड्यांनी एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. म्हणाला, "दादा, परवाच्या स्टाउटला सोया सॉससारखी चव येत होती."

मी काय म्हणालो असेन? "स्टाउट अशीच असते हो. सवय करावी लागते."

तो हसला, "बरं" म्हणाला आणि गेला. परत कधी आला नाही. दर शुक्रवारी येणारा माणूस होता तो. पुढे एका मित्राच्या घरी तीच स्टाउट ताजी मिळाली, तेव्हा माझ्याकडची बाटली शेजारी ठेवून चाखली. पहिल्या घोटातच कळलं की गिऱ्हाईक बरोबर होतं आणि मी चूक. उरलेल्या बाटल्या विक्रीतून काढल्या आणि तोटा सोसला. पण बाटल्यांचे पैसे मोजता येतात, त्या माणसाचे मोजता येत नाहीत.

तेव्हापासून मी एक वाक्य पाठ केलंय: "मला आवडलं नाही" आणि "हा माल खराब आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. गिऱ्हाईक यातलं कुठलं वाक्य बोलतंय, हे दुकानदाराला ओळखता आलं पाहिजे. आजचा सगळा धडा एवढ्यासाठीच आहे.

काळेपणा येतो कुठून?

भाजणीतून. थालीपिठाची भाजणी ज्याने घरी करताना पाहिली आहे, त्याला स्टाउट निम्मी समजलेलीच आहे.

बिअरचं मूळ धान्य जव, म्हणजे आपला सातू. त्याला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. बहुतेक धान्य हे फिकट माल्टच असतं. आयरिश पद्धतीच्या स्टाउटमध्ये साधारण दहावा भाग मोड न आणता कडक भाजलेलं जव असतं, आणि तेवढ्याने सगळी बिअर काळी होते. 1817 साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट काळं होईपर्यंत भाजायच्या ड्रमचं पेटंट घेतलं. तेव्हापासून थोडंसं काळं माल्ट घालून गडद बिअर करणं सोपं झालं.

आता स्वयंपाकघरात या. भाजणी मंद आचेवर नीट भाजली की खमंग वास येतो. दोन मिनिटं दुर्लक्ष झालं की ती करपते. धान्य तेच, कढई तीच. स्टाउटमध्ये हाच फरक शोधायचा असतो. खमंग म्हणजे कॉफी, कोको, डार्क चॉकलेट, भाजलेली पोळी, थोडी काकवी. करपट म्हणजे राख, कोळसा, तळाला लागलेलं दूध.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. काळी म्हणजे स्ट्राँग नव्हे. गिनेस ड्राफ्ट ही जगातली सगळ्यात ओळखीची स्टाउट 4.2 टक्के अल्कोहोलची आहे. आपल्याकडे "स्ट्राँग" म्हणून विकली जाणारी पिवळी बिअर 5 टक्क्यांच्या वर असते. रंग भाजणीचा, जोर साखरेचा. यीस्टने जेवढी साखर खाल्ली तेवढं अल्कोहोल.

चाखण्याआधीची तयारी

- वेळ: जेवणाआधी. मिसळ, पान, सिगारेट किंवा कडक चहानंतर निदान एक तास काही चाखू नका. अत्तर, परफ्यूम नको.
- तापमान: 8 ते 12 अंश. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. बर्फगार बिअरमध्ये दोषही झोपतात आणि गुणही.
- ग्लास: स्वच्छ, साबणाचा वास नसलेला. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास नीट धुतलेला नाही.
- माप: एकाला 60 मिली पुरे. हा सराव आहे, पार्टी नाही. आणि गाडी घेऊन येऊ नका.
- सोबत: साधं पाणी आणि साधा पाव. चकली, शेंगदाणे नंतर.
- जागा: बिअर शॉपीचं लायसन्स बंद बाटली विकण्याचं असतं. दुकानात बाटली फोडून चाखणं चालत नाही. सराव घरी किंवा परमिट रूममध्ये करा.

ताज्या स्टाउटची ओळख हवी असेल, तर पुणेकरांना फार लांब जायला नको. 2009 साली पुण्यात डूलाली सुरू झाली. ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. नाव आलंय नाशिकजवळच्या देवळालीवरून. इंग्रज सैनिक देवळालीच्या छावणीचं नाव तसं उच्चारायचे. आज शहरात अशी बरीच ठिकाणं आहेत. फळ्यावर स्टाउट दिसली की आधी छोटा ग्लास मागवा आणि टाकी कधी लावली ते विचारा.

पाच पायऱ्या, 50 गुण

अमेरिकेतल्या बीजेसीपी या संस्थेची गुणपत्रिका जगभर स्पर्धांमध्ये वापरतात. आपणही तीच वापरू.

1. वास : 12 गुण
ओतल्याबरोबर नाक लावा. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे. पहिल्यांदा काय आठवलं ते लगेच लिहा. "छान" लिहू नका. "दुधाशिवायची कॉफी", "कोको", "ओला पुठ्ठा" असं लिहा.

2. रूप : 3 गुण
मोबाइलचा टॉर्च ग्लासमागे धरा. काठाला गडद लाल झाक दिसली तर गोंधळू नका, ते चालतं. फेस पांढराशुभ्र नसतो, बदामी ते तपकिरी असतो. किती वेळ टिकतो ते बघा.

3. चव : 20 गुण
घोट तोंडात फिरवा आणि गिळा. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण कडूपणा गिळल्यानंतर उरतो आणि तोच बघायचा असतो. तीन प्रश्न विचारा. सुरुवात कशी? मध्ये गोडवा आहे का? शेवटी काय उरतं?

4. माउथफील, म्हणजे तोंडात कशी लागते : 5 गुण
पातळ, दाट, साईसारखी की बोचरी? नायट्रोजनवर दिलेल्या स्टाउटचे बुडबुडे बारीक असतात आणि ती मऊ लागते. "गॅस गेलाय" ही तक्रार इथे बऱ्याचदा चुकीची असते. ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

5. एकंदर : 10 गुण
अख्खा ग्लास संपवावासा वाटतो का? आणि तो जो प्रकार आहे, त्या प्रकाराला धरून आहे का?

बेरीज 38 च्या वर गेली तर उत्तम, 30 ते 37 चांगली. 20 किंवा त्याखाली आली तर मालात काहीतरी गडबड आहे.

माझ्या त्या दोन बाटल्यांचे गुण सांगतो. ताजी: वास 10, रूप 3, चव 16, माउथफील 4, एकंदर 8. बेरीज 41. माळ्यावरची: वास 4, रूप 3, चव 6, माउथफील 3, एकंदर 3. बेरीज 19.

रूपाचे गुण बघा. दोन्हीकडे 3 पैकी 3! नुसतं बघून मला आयुष्यात कळलं नसतं.

कडू, तुरट, आंबट : गल्लत करू नका

इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. सहा रस आपल्याला लहानपणीच माहीत असतात.

- कडू: कारल्यासारखं. स्टाउटमध्ये हवंच. ते हॉप्समधूनही येतं आणि भाजणीतूनही.
- तुरट: कच्चं केळं, सुपारी, फार उकळलेला चहा. जीभ कोरडी ओढली जाते. चिमूटभर चालेल, जास्त असेल तर दोष.
- आंबट: काळ्या कॉफीत असतो तेवढा हलका आंबटपणा भाजणीमुळे येतो, तो चालतो. व्हिनेगर किंवा फार आंबलेलं ताक आठवलं तर बिअर बिघडली आहे. त्यात बाटली उघडताच फेस उसळून बाहेर आला तर शंकाच नको.

हे वास आले तर थांबा

- ओला पुठ्ठा, सोया सॉस: हवा, उष्णता किंवा वय. साठवण तपासा. सोया सॉसचा वास यीस्ट मरून विरघळल्यानेही येतो.
- बटर पॉपकॉर्न: आंबवणं नीट पूर्ण झालेलं नाही, किंवा नळाच्या पाइपांची सफाई राहिली आहे.
- कच्चं हिरवं सफरचंद: बिअर घाईत टाकीबाहेर काढली.
- उकडलेला मका, कोबी: उकळण्यात किंवा गार करण्यात गडबड, नाहीतर जंतूंची लागण.

गडद भाजणी हे सगळं काही प्रमाणात झाकते. जास्त मसाल्याच्या रश्श्यात शिळा बटाटा लपतो, तसंच. म्हणून स्टाउट पारखताना पहिला नियम: भाजणी बाजूला सारून तिच्यामागे काय आहे ते शोधा.

आणि उलटही. मिल्क स्टाउट गोड लागते, कारण तिच्यात लॅक्टोज ही दुधातली साखर घालतात. यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडवा उरतो. तो दोष नाही, प्रकार आहे. पण ज्याला दूध पचत नाही अशा गिऱ्हाइकाला हे सांगणं तुमचं काम आहे.

"मला तरी वेगळी लागतेय" : तीन ग्लासांची परीक्षा

बीबीए, बीकॉम केलेल्यांना स्टॅटिस्टिक्समधली "स्टुडंट्स टी-टेस्ट" आठवते? तो "स्टुडंट" म्हणजे डब्लिनच्या गिनेस कंपनीतला कर्मचारी विल्यम गॉसेट. थोड्याच नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याच्या कामातला रोजचा प्रश्न होता. त्याने 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने उत्तर छापलं. परीक्षेत आपण घोकलेलं सूत्र स्टाउटच्या कारखान्यातून आलंय, मंडळी!

आपल्याला सूत्राची गरज नाही. तीन ग्लास घ्या. दोनात एक माल, तिसऱ्यात दुसरा. कुठला कशात ते चाखणाऱ्याला सांगू नका. प्रत्येकाने एकट्याने चाखून "वेगळा कोणता" ते चिठ्ठीवर लिहायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. पण सहापैकी पाच जणांनी बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबाने व्हायची शक्यता साधारण 56 मध्ये एक. म्हणजे फरक खरा आहे असं धरून चाला.

चिठ्ठ्या उघडेपर्यंत मालकाने तोंड उघडायचं नाही. तुम्ही "मस्त आहे ना?" म्हणालात की पोरं "हो" म्हणणारच.

तक्रार आली की काय करायचं

1. "असंच असतं" हे शब्द बंद. त्याऐवजी विचारा: "नेमकं कशासारखं लागलं?"
2. उत्तर "फार कडू", "कॉफीसारखं" असं आलं, तर बहुधा आवडीचा प्रश्न. दुसरा प्रकार सुचवा.
3. उत्तर "पुठ्ठा", "सोया", "व्हिनेगर" असं आलं, तर बाटली, बॅच नंबर, तारीख लिहून घ्या. त्या बॅचची विक्री त्याच मिनिटाला थांबवा.
4. त्याच बॅचची दुसरी बाटली ताज्या बाटलीशेजारी चाखा. एकाच बाटलीवरून डिस्ट्रिब्युटरशी भांडू नका, पोराला तर अजिबात झापू नका. माझ्या बाबतीत दोष ना कंपनीचा होता ना पोराचा. माळा माझा होता.
5. गिऱ्हाइकाला फोन करून सांगा, "तुम्ही बरोबर होता." हा फोन मी केला नाही. नंबर माझ्याकडे होता.

या आठवड्याचा गृहपाठ

किराणा दुकानातून पाव किलो जव आणा. कढईत तीन भाग वेगवेगळे भाजा: सोनेरी, तपकिरी, जवळजवळ काळा. तिन्ही गार झाल्यावर डोळे मिटून वास घ्या आणि दोन-दोन दाणे चावा. खमंग कुठे संपतं आणि करपट कुठे सुरू होतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. यात दारूचा थेंबही नाही, त्यामुळे दुकानातल्या सगळ्यांना बसवा.

पुढच्या वेळी साठवणुकीवर बोलू: उन्हाळ्यात माल कुठे ठेवायचा आणि सवलतीचा माल घ्यायचा की नाही. तोपर्यंत एकदा आपल्या माळ्यावर चढून काय काय पडलंय ते बघून या.

भेटूया!