वारली शैलीतलं शिल्प : चौक नको, तारपा घ्या

प्रश्न : आमच्या शहरातील संग्रहालयाच्या निधीसाठी होणाऱ्या लिलावाकरिता मी वारली शैलीत शिल्प करणार आहे. मध्यभागी लग्नचौक व त्यातली पालघट ही विवाहदेवता असावी, असं वाटतं. लोककला सर्वांचीच असते. मग परवानगीचा प्रश्न येतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, फक्त एक गैरसमज दूर करू. लोककला कुणा एकाची नसली, तरी ती बेवारस नसते. लग्नचौक ही निव्वळ नक्षी नाही. तो लग्नविधीचा भाग असून सवाशिणी तो रेखाटतात. लिलावासाठी तो टाळावा. त्याऐवजी तारपा या फुंकवाद्यावर होणाऱ्या नृत्याचा फेर घ्या. एकोप्याचा अर्थ त्यातून सहज पोहोचतो.

वारली आकृती मुळात सपाट, दोन त्रिकोणांची. तिला गोलाई देण्यापेक्षा लोखंडी पत्र्यातून कापा, पांढरा रंग द्या आणि मागे गेरूच्या रंगाचा फलक ठेवा. कडा घासून बोथट करा, बैठक जड ठेवा.

शक्यतो डहाणू-जव्हार भागातील वारली चित्रकाराला आरंभापासून सोबत घ्या. मानधन व श्रेय लेखी ठरवा. ते जमलं नाही, तर शिल्पाच्या नामपट्टीवर ‘वारली कलेवरून प्रेरित’ एवढंच लिहा, कारण या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. एवढं सांभाळलंत, की निर्धास्तपणे कामाला लागा.