पाकीट आईकडे ठेवून येऊ नकोस

अगं, काल बोलता बोलता तू म्हणालीस, "ताई, पाकीट वापरणं मी कधीच सोडलंय, सगळं फोनवर." म्हणून हे सविस्तर लिहितेय. पुण्यात तुझं बरोबर आहे. तिथे कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेही स्कॅन करून देता येतात. पण इथे टोकियोत आल्यावर तुझी यूपीआय अ‍ॅप्स रोजच्या खरेदीला कामी येतील या भरवशावर राहू नकोस. आणि इथली अ‍ॅप्स आल्या आल्या हातात पडत नाहीत.

जपान म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन आणि रोबो येतात. तू स्कॅन करतेस तो क्यूआर कोडही मूळचा इथलाच. १९९४ साली डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला. पण खिशातल्या नोटेवरचा जपानी माणसाचा विश्वास सहजी हलला नाही. २०१८ मध्ये पेपे नावाचं अ‍ॅप आलं. (भीम अ‍ॅपशी किंवा पेटीएमशी गल्लत करू नकोस हं, हे वेगळं.) २०१९ मध्ये विक्रीकर १० टक्के झाला, तेव्हा बिनरोख पैसे देणाऱ्यांना सरकारने काही महिने पॉइंट दिले. त्यानंतर कुठे चित्र बदलायला लागलं. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये बिनरोख व्यवहारांचं प्रमाण ४२.८ टक्के होतं. उरलेलं काय ते तूच ओळख.

तुझा गोंधळ आधी कुठे होईल ते सांगते. आपल्याकडे दुकानदाराचा कोड एकच असतो, अ‍ॅप कुठलंही चालतं. इथे गल्ल्याजवळ दहा-बारा कंपन्यांची चिन्हं चिकटवलेली असतात आणि तुझ्या अ‍ॅपचं चिन्ह त्यात असेल तरच ते चालतं. पैसे कशाने देणार हे आधी तोंडाने सांगायचं: "पेपे दे" किंवा "सुइका दे", म्हणजे पेपेने किंवा सुइका या टेकवायच्या कार्डाने. मोठ्या दुकानात तू फोनवरचा कोड दाखवायचा, स्कॅन ते करतात. छोट्या दुकानात ठेवलेला कोड तू स्कॅन करायचा, रक्कम घालायची, ती दुकानदाराला दाखवायची आणि मगच बटण दाबायचं. मागे रांग असते. ती कुरकुरत नाही, पण म्हणूनच जास्त अवघडल्यासारखं होतं. काय वापरायचं ते रांगेत असतानाच ठरवून ठेव.

आता निघण्याआधीचं, आणि हे महत्त्वाचं आहे. तू नवा फोन घेणार आहेस ना? भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये मोबाइल सुइका चालत नाही. त्याला लागणारी सोय जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइडमध्येच असते. आयफोन मात्र कुठूनही घेतलेला चालतो, मॉडेल ८ किंवा त्यापुढचं हवं. अँड्रॉइडच हवा असेल तर बिघडत नाही, स्टेशनवर प्लास्टिकचं सुइका कार्ड घे. रेल्वे, मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं छोटं दुकान, म्हणजे कोनबिनी, सगळीकडे ते टेकवलं की झालं. त्यात २०,००० येनपर्यंतच रक्कम ठेवता येते. आणि गंमत बघ, स्टेशनवरच्या बहुतेक यंत्रांत ते भरायला नोटाच लागतात!

पहिले काही आठवडे तू रोख आणि सुइकावरच राहशील. खातं उघडायला बँक इथला फोन नंबर मागते, आणि फोन कंपनी नंबर द्यायला बँक खातं किंवा कार्ड मागते. ऑफिसातली मदतनीस मंडळी यातून वाट काढून देतात, घाबरू नकोस. खरी अडचण आपल्या नावाची होते. पासपोर्टात तुझ्या नावाला जोडून बाबांचं नाव आहे. ते सगळं काताकाना लिपीत लिहिलं की लांबलचक होतं, आणि बँकेत एक, अ‍ॅपमध्ये दुसरं असं झालं की खातं जोडलं जात नाही. पहिल्याच दिवशी एका कागदावर ते नक्की लिहून घे आणि बँक, फोन, ऑफिस, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच दे. तोवर पेपेमध्ये पैसे भरायचेच असतील, तर इथला नंबर मिळाल्यावर सेव्हन बँकेच्या एटीएममध्ये नोटा घालूनही भरता येतात. तुझं भारतातलं कार्डही त्याच एटीएमवर वापरून बघ. परदेशी वापरासाठी ते चालू मात्र पुण्यातूनच करून घे.

रोख कुठे लागतेच, ते आता ऐक. गल्लीतले छोटे दवाखाने, विशेषतः दाताचे. विमा असला तरी बिलातला ३० टक्के वाटा आपण भरायचा, आणि बरेच डॉक्टर तो रोखच घेतात. रामेन नूडल्सची जुनी दुकानं, जिथे दारातल्या यंत्रात पैसे घालून कूपन काढायचं असतं. ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या, पण काही यंत्रांना त्या अजून पचत नाहीत, म्हणून थोडी नाणीही जवळ असू देत. बसमध्ये सुइका नसेल तर ड्रायव्हरशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. तिथे मोड फक्त १,००० च्या नोटेची मिळते, १०,००० ची नोट पुढे केलीस तर पंचाईत. आणि शहराबाहेर गेलीस की शेताकडेला भाजीचा मांडव दिसेल. तिथे विकणारं कोणी नसतं, १०० येनचं नाणं डब्यात टाकायचं आणि वांगी उचलायची.

नाण्यांसाठी वेगळा कप्पा असलेलं पाकीट घे. इथे ५०० येनचंही नाणंच असतं, दोन दिवसांत खिसा जड होतो. ५ येनच्या नाण्यावर इंग्रजी आकडा नसतो, पितळी रंग आणि मधलं भोक ही खूण लक्षात ठेव. साठलेली चिल्लर एका माणसाच्या गल्ल्यावर ओतायची नाही. कायद्यानेही एका प्रकारची २० हून जास्त नाणी घेण्याची दुकानदारावर सक्ती नाही. सुपरमार्केटमध्ये स्वतः पैसे भरायचं यंत्र असतं, तिथे मूठभर नाणी टाकली की ते मोजून घेतं. आणि पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे.

लग्नाचं बोलावणं आलं तर फोन विसर. आपण पाकिटात १०१ किंवा ५०१ घालतो ना, तसा इथेही विषम आकड्याचा मान. मित्रमैत्रिणीच्या लग्नाला साधारण ३०,००० येन, म्हणजे १०,००० च्या तीन कोऱ्या करकरीत नोटा, खास पाकिटात. अंत्यविधीला द्यायचे असतील तर उलट: नोटा कोऱ्या नकोत, नाहीतर आधीपासून तयारी करून ठेवली होती असा अर्थ होतो. एरवीही ऑफिसात कोणाचे पैसे परत करायचे तर उघडी नोट पुढे करू नकोस, लिफाफ्यात घाल.

आणि भूकंप. ६ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपानंतर अख्ख्या होक्काइदो बेटाची वीज गेली. कार्डाची यंत्रं बंद, एटीएम बंद, दुकानात मेणबत्तीपुरता माल मिळाला तरी तो रोखीनेच. म्हणून घरातल्या आपत्कालीन पिशवीत पाणी आणि बॅटरीबरोबर १,००० च्या थोड्या नोटा ठेव. शिवाय १० आणि १०० ची नाणी, कारण सार्वजनिक फोन तीच घेतो.

शेवटचं, आणि यावर मी अडून बसणार आहे. अ‍ॅप जमायला लागलं की त्यात क्रेडिट कार्ड जोडायचा मोह होईल, पॉइंट मिळतात म्हणून. जोड, पण "रिबो" हा शब्द दिसला की थांब. दरमहा ठरावीक छोटी रक्कम भरायची आणि उरलेल्यावर वर्षाला साधारण १५ टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज, असा तो प्रकार. काही कार्डांवर तो आधीपासूनच चालू असतो. कार्ड हातात आल्याच्या दिवशी सेटिंग बघ, "इक्काई", म्हणजे सगळं एकदम फेडायचं, तेच ठेव. समजलं नाही तर स्क्रीनचा फोटो मला पाठव, रात्री कितीही वाजता. आणि विमानतळावर उतरशील तेव्हा पर्समध्ये निदान २०,००० येन सुट्ट्या नोटांत हवेत. पुण्यातच बदलून घे, आईला सांगू नकोस की ताईने भीती घातली.