धनुर्विद्येच्या तासासाठी चामड्याची व दोरीची साधने



अज्ञातवासात बृहन्नडेचे रूप घेताना अर्जुनापुढे एक अडचण उभी राहिली, असे महाभारताच्या विराटपर्वात सांगितले आहे. प्रत्यंचेच्या आघातांनी त्याच्या दोन्ही बाहूंवर घट्टे पडले होते व ते लपविणे कठीण होते. त्याने ते बांगड्यांनी झाकले. अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडी, म्हणून दोन्ही बाहूंवर खुणा! थोर धनुर्धराचीही त्वचा अखेर त्वचाच होती, हे या कथेवरून ध्यानात येते. म्हणूनच अमरकोशात या आघातापासून हाताचे रक्षण करणाऱ्या पट्टीला ‘गोधा’ आणि ‘ज्याघातवारण’ अशी नावे दिलेली आढळतात. बोटांच्या आवरणाला ‘अंगुलित्राण’ म्हणत. ही साधने शाळेत, मुलांच्या हातून, अल्प खर्चात कशी करून घ्यावीत, हे या पाठात पाहावयाचे आहे.

आरंभी स्वतःची एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मी शिक्षक होतो. मैदानावर बांबूच्या धनुष्याने नेम मारण्याचा खेळ मी सुरू केला. सहावीतील एक मुलगा पहिल्या दिवशी उत्तम नेम मारी. आठ दिवसांनी मात्र दोरी सोडताना तो डोळे मिटू लागला व हात मागे घेऊ लागला. ‘भित्रा आहेस’ असे मी त्याला सर्वांसमक्ष म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तो खेळावयास आला नाही. चार दिवसांनी त्याचे आजोबा शाळेत आले. त्यांनी नातवाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ उठले होते. “गुरुजी, पोरगा नाही भ्यायला, त्याचं कातडं भ्यालंय,” एवढेच ते म्हणाले. मग खिशातून जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा काढून त्यांनी तो सुतळीने नातवाच्या हाताला बांधला. त्या दिवशी मुलाने डोळे उघडे ठेवून बाण सोडला. जे मी बोलून बिघडविले होते, ते त्या वृद्धाने न रागावता सुधारले.

आघात का होतो?

दोरी सुटली की ती धनुष्य धरलेल्या हाताच्या आतील अंगाजवळून वेगाने पुढे जाते. कोपराचा खळगा वरच्या बाजूस वळलेला असेल, तर हाताचा मांसल भाग दोरीच्या मार्गात येतो. धनुष्य आणि दोरी यांतील अंतर फार कमी असेल, तरीही फटका बसतो. मोठ्या माणसाने मूठ मिटून अंगठा ताठ उभा केला असता जेवढी उंची होते, तेवढे, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, अंतर सर्वसाधारणपणे असावे. म्हणून प्रथम कोपर किंचित बाहेर वळविण्यास शिकवावे, दोरीचे अंतर पाहावे, आणि त्याबरोबर पट्टी बांधावी. पट्टी ही चुकीच्या सवयीवरचा उपाय नव्हे. सवय सुधारेपर्यंत मुलाचे मन निर्भय ठेवणारे ते साधन आहे.

साहित्य

गावातील चर्मकार बंधूंकडे कमावलेल्या चामड्याचे लहान तुकडे उरतात. ते मागून वा विकत घ्यावेत. हातपट्टीसाठी २ ते ३ मिलिमीटर जाडीचे, तर बोटपट्टीसाठी त्याहून पातळ व मऊ चामडे घ्यावे. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले चामडे ओले करून हवा तो आकार देता येतो, म्हणून ते उत्तम. याखेरीज रापी, आरी, सुती दोरा, थोडे मधमाशीचे मेण आणि जुने वर्तमानपत्र पुरे. ‘गोधा’ हा शब्द घोरपडीलाही लावतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे. वन्य प्राण्याचे कातडे शाळेत कोणत्याही कारणाने आणू नये, व त्याचे कारण मुलांस सांगावे.

शक्य तेथे चर्मकार बंधूंना त्या तासापुरते गुरू म्हणून शाळेत बोलवावे व मुलांनी त्यांना नमस्कार करून पाठास आरंभ करावा. रापी कशी धरावी हे त्यांच्याइतके चांगले आपणांस सांगता येणार नाही.

कृती पहिली : हातपट्टी

मुलाच्या मनगटाचा घेर आणि त्याच्या १४ सेंटिमीटर वरचा घेर दोरीने मोजावा. समजा, हे घेर १५ व १८ सेंटिमीटर भरले. पट्टीने हाताचा दोनतृतीयांश भाग झाकावयाचा आहे. म्हणून तिची रुंदी मनगटाकडे १० व वर १२ सेंटिमीटर येईल. वर्तमानपत्रावर १४ सेंटिमीटर उंचीचा हा समलंब चौकोन काढून, कापून, हातावर बसवून पाहावा. मगच चामड्यावर खूण करावी.

चामडे कापल्यावर चारही कोपरे गोल करावेत. टोकदार कोपऱ्यात दोरी अडकते. दोन्ही उभ्या कडांपासून १ सेंटिमीटर आत, प्रत्येक कडेला चार छिद्रे आरीने पाडावीत. पहिले व शेवटचे छिद्र टोकांपासून १ सेंटिमीटरवर घेतले, की मधली अंतरे प्रत्येकी ४ सेंटिमीटर येतात. चामडे ओलसर करून हाताएवढ्या जाडीच्या बांबूवर गुंडाळून सावलीत वाळवावे. उन्हात वाळविल्यास ते कडक होऊन तडकते. पट्टी बांधताना चामड्याची गुळगुळीत बाजू वर ठेवावी. बांधणीची दोरी व तिची गाठ हाताच्या बाहेरच्या बाजूस यावी. पट्टी धनुष्य धरणाऱ्या हातास बांधावयाची असते. डावखुऱ्या मुलाची पट्टी उजव्या हातावर येईल.

कृती दुसरी : बांधणीची दोरी

सुती दोऱ्याचे सहा-आठ पदर एकत्र करून अडीच मीटर लांबीचा जुडगा घ्यावा. दोन मुलांनी समोरासमोर उभे राहून आपापले टोक आपल्या उजवीकडे पिळत राहावे. जुडगा आपोआप वेटोळी घेऊ लागला की तिसऱ्या मुलाने मध्य धरावा व दोन्ही टोके एकत्र आणावीत. मध्य सोडताच दोन्ही पेड उलट दिशेने एकमेकांभोवती वळतात. पेड उलगडू पाहतो तो ज्या दिशेने, त्याच दिशेने दोरी आवळली जाते. म्हणून ती सुटत नाही. ही गोष्ट प्रथम सांगू नये. मुलांना पाहू द्यावी, आणि ‘असे का झाले?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्यावा. तयार दोरी सुमारे एक मीटर भरते. टोकांस गाठ मारून मेण घासावे.

कृती तिसरी : बोटपट्टी

आपल्या पद्धतीत तर्जनी बाणाच्या वर व मधले बोट आणि अनामिका खाली ठेवून दोरी ओढतात. मोगल काळातील धनुर्धर अंगठ्याने दोरी ओढीत व अंगठ्यात दगडाची वा हस्तिदंताची अंगठी घालीत. आपणांस तीन बोटांचेच आवरण पुरे आहे. सुमारे ७ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद तुकडा घेऊन कोपरे गोल करावेत. बोटांच्या टोकांकडील कडेपासून, तर्जनी व मधले बोट यांच्या मध्ये येईल अशी, ३ सेंटिमीटर खोल व अर्धा सेंटिमीटर रुंद खाच पाडावी. बाणाचे टोक या खाचेत बसते. मागील कडेजवळ मधले बोट जाईल एवढे छिद्र ठेवावे. पट्टी तळहाताच्या बाजूने बोटांवर पडावी आणि गुळगुळीत बाजू दोरीकडे असावी. बोटांच्या टोकांपुढे आलेले चामडे कापून टाकावे. नाहीतर दोरी सुटताना अडखळते.

कृती चौथी : दोरीवरील वेटण

भिल्ल समाजाच्या धनुष्याला बांबूच्या चिपेची प्रत्यंचा लावण्याची जुनी रीत आहे. तिच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. दोरीची प्रत्यंचा असेल तर बोटे लागतात तेथे ८ ते १० सेंटिमीटर मेण लावलेला दोरा घट्ट व सलग गुंडाळावा. आरंभीचे टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबावे. शेवटच्या दहा वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फासा ठेवून, त्यातून टोक ओवून, फासा ओढून घ्यावा. म्हणजे गाठीवाचून टोक आत जाते. बाण लावण्याची जागा रंगीत दोऱ्याच्या दोन-तीन वेढ्यांनी दाखवावी.

इतर विषयांशी सांगड

हातातील कामातून ज्ञान द्यावे, हा विचार १९३७ साली वर्धा येथील परिषदेत नयी तालीम म्हणून मांडला गेला. वरील हातपट्टीचे क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर होते. दहा मुलांना किती चामडे लागेल, कापताना किती वाया जाईल, हे मुलांनीच काढावे. पीळ व ताण यांत विज्ञान आहे, आणि ‘मौर्वी’ हा प्रत्यंचेचा पर्याय मूर्वा या तंतुमय वनस्पतीवरून आला, हे सांगितल्यास भाषेचा पाठही होतो.

दक्षता

चामडे कापण्याचे काम मोठ्या मुलांनीच, शिक्षकांच्या समक्ष करावे. आरी टोचताना चामड्याखाली लाकूड ठेवावे, हात ठेवू नये. मैदानावर सर्वांनी एका रेषेत उभे राहावे. रेषेपुढे कोणीही असेपर्यंत बाण दोरीला लावू नये. बाण आणावयास सर्वांनी एकदमच जावे. बाणावाचून ओढलेली दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाकडे जाणारा सारा जोर धनुष्यावरच येतो व ते मोडते. प्रत्येक सत्राआधी दोरी, वेटण व पट्ट्या तपासाव्यात.

उदयपूर जिल्ह्यातील लिंबाराम बालपणी बांबूच्या धनुष्यावर शिकले आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिम्पिक स्पर्धांत भारतातर्फे उतरले. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो येथील ऑलिम्पिक सामन्यांत भारताच्या धनुर्विद्या संघात होते. आपल्या वर्गातील प्रत्येक मूल तेथवर जाईल असे नाही. परंतु वळ उठले म्हणून कोणी धनुष्य खाली ठेवले, तर तो दोष मुलाचा नसून आपला आहे.

एकलव्याची कथा आपण वर्गात दरवर्षी सांगतो. गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मागितला गेला, हे ऐकताना मुले गप्प होतात. काही मुले आपल्या अंगठ्याकडे पाहतात, हे मी पाहिले आहे. त्या गप्प मुलांना आपण उत्तर देणे लागतो, आणि ते शब्दांनी देण्यापेक्षा त्यांच्या बोटांवर स्वहस्ते केलेली पट्टी बांधून द्यावे. पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने मुलांनी केलेली निदान एक हातपट्टी व एक बोटपट्टी सोबत आणावी, अशी विनंती आहे. ती सुबक नसली तरी चालेल. ती एखाद्या मुलाच्या हातावर बांधून वापरलेली असावी.