स्पेनचा लॅव्हेंडर: बागेसाठीं कोणता घ्यावा?

लॅव्हेंडर या एकाच नांवानें निरनिराळीं झाडें विकलीं जातात व गिऱ्हाईक फसतें. अत्तरास लागणारें उत्तम तेल अंगुस्टिफोलिया जातीचें. जम्मूकडे भदरवाह येथें तिची लागवड होते. स्पेनचा लॅव्हेंडर, म्हणजे स्टोएकस, निराळा. याचें कणीस आंखूड व जाड, शेंड्यावर सशाच्या कानांसारखीं रंगीत पानें आणि वासांत कापराची झांक. तेलाच्या आशेनें हा एकरानें लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. दारापुढील शोभेस मात्र तो फार चांगला.

प्रकारांपैकीं ‘ऑटो क्वास्ट’ जांभळा. ‘क्यू रेड’ किरमिजी फुलांचा, कान फिकट गुलाबी. लांब देंठाच्या पेडुन्क्युलाटास हल्लीं स्वतंत्र जात मानितात.

हें भूमध्य समुद्राकांठचें झाड. तिकडे पाऊस हिंवाळ्यांत, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे सर्व उलट. त्यांतून कृष्णाकांठची काळी जमीन पाणी धरते आणि तिच्यांतील चुना यास सोसत नाहीं. महाबळेश्वरची तांबडी माती मानवेल, पण तेथील पाऊस नव्हे! म्हणून कुंडींत तांबडी माती व जाड वाळू घालून दसऱ्यानंतर रोप लावावें, खत बेतानें द्यावें, आणि पावसाळ्यांत कुंडी ओसरीवर घ्यावी. फुलें सरल्यावर हिरव्या भागापर्यंतच छाटावें. जून लांकडास फूट येत नाहीं.

आपल्या सह्याद्रींतही रानटी लॅव्हेंडर आहे, हें थोड्यांसच ठाऊक असतें. एकोणिसाव्या शतकांत दापोडीची सरकारी बाग सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या नांवावरून तिला गिब्सोनी म्हणतात. ती रानांतून उपटून मात्र आणूं नये.