परसांतील मुळा आणि पानांतील कोशिंबीर

पानांत डाव्या बाजूस जी चमचाभर कोशिंबीर वाढतात, ती शोभेपुरतीच समजण्याची आपल्याकडे चाल आहे. पुष्कळ मुलें तर ती तशीच टाकून उठतात. आम्हांस ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाहीं. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. रक्तास लोह लागतें. तें भाकरींत व डाळींत असतें, परंतु त्याचा थोडाच अंश अंगीं लागतो. त्याच जेवणांत 'क' जीवनसत्त्व पोटांत गेल्यास हा अंश वाढतो. तें लिंबांत व कच्च्या भाज्यांत असतें. शिजवतांना त्याचा बराच भाग नासतो. कोशिंबीर हें औषध मात्र नव्हे. ज्या मुलीस सदा थकवा वाटतो तिला डॉक्टरांकडेच न्यावें.

मुळ्यास जागा ती किती लागते? एक लहानसा वाफा पुरे. पावसाळा सरतांना बीं अर्धा इंच खोल पेरावें व रोपें उगवल्यावर चार-चार बोटांच्या अंतरानें विरळ करावीं. उपटलेलीं कोंवळीं रोपेंहि खातां येतात. सुमारें दीड महिन्यांत मुळा तयार होतो. राहिला तर जून होतो. असे एक-दोन मुळे मुद्दाम ठेवावे, म्हणजे फुलें येऊन डिंगऱ्या मिळतील. वाफ्यास तांदूळ धुतलेलें पाणी चालेल. गटाराचें कदापि घालूं नये, कारण त्यांतून जंतांचीं अंडीं कच्च्या भाजीबरोबर पोटांत जातात.

चार-पांच माणसांस दोन मध्यम मुळे पुरतात. मूठभर मुगाची डाळ दोन तास भिजत घालावी. मुळे पाल्यासकट स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुवावे. पाला फेंकून देण्याची चाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कंदापेक्षां पाल्यांत 'क' जीवनसत्त्व अधिक असतें. आणि ज्यापासून शरीरांत 'अ' जीवनसत्त्व बनतें, तें कॅरोटीन पांढऱ्या कंदांत जवळजवळ नसतेंच, पाल्यांत भरपूर असतें. कोंवळीं पानें बारीक चिरावीं, मुळा किसावा, त्यांत निथळलेली डाळ, हिरवी मिरची, कोथिंबीर व चिमूटभर साखर घालावी. वरून मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी द्यावी. ही केवळ चवीसाठीं नव्हे. स्निग्ध पदार्थ बरोबर असला म्हणजे कॅरोटीन चांगलें अंगीं लागतें.

मीठ आधीं घातल्यास तें मुळ्यांतील पाणी बाहेर ओढतें. उग्रपणा जावा म्हणून पुष्कळ घरीं हें पाणी पिळून मोरींत ओततात, आणि पाण्यांत विरघळणारें 'क' जीवनसत्त्वहि त्याबरोबर वाहून जातें! उग्रपणा नकोच असेल तर थोडा ओला नारळ खोवून घालावा. मीठ व लिंबू मात्र पानें मांडल्यावरच घालावें. आणि जेवणावर लागलीच चहा घेऊं नये, कारण चहा लोहास अडवितो. तो तासाभरानें घ्यावा.