वर्गात राईनपाड्याबद्दल बोलाच

प्रश्न : आठवी-नववीची मुलं मोबाइलवर आलेलं सगळं खरं मानतात. त्यांना नेमकं काय शिकवू? – एक शिक्षिका, पारोळा

उत्तर : ताई, उदाहरण लांबून आणू नका. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षेवर पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही मोबाइलवरून पसरलेली अफवा तेवढी पुरली.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यातलं मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतली बालसुरक्षेची जनजागृती फिल्म. त्यात मूल लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापलेला होता! मुलांना आधी कापलेली गोष्ट सांगा, मग पूर्ण. पुढं प्रत्येक व्हिडिओला तेच विचारायला लावा : कुठला, कधीचा, शेवट कुठाय? गूगल लेन्सवर फोटो त्यांनाच शोधू द्या.

‘काकांनी पाठवलंय’ असं मुलं हमखास म्हणतील. इथे घाई करू नका. काकांनी स्वतः पाहिलं का, एवढंच घरी विचारून यायला सांगा. आणि गावात कुणाचा संशय आलाच, तर ग्रुपवर न टाकता ११२ वर फोन करायचा, हे फळ्यावर लिहा.